आधी फाटकं मोजा, मग डेक ठरवा

पत्र :

सप्रेम नमस्कार,

मी आणि माझे दीर नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात लॉन कापायचा छोटा व्यवसाय करतो. निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थांची गिऱ्हाइकं आम्ही विकत घेतली. चाळीस घरं आहेत, शिवाय एका वसाहतीच्या एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) तीन एकर सामाईक जागा. त्यांचाच ३६ इंची, बेल्टवर चालणारा जुना वॉक-बिहाइंड (मागून चालत चालवायचा) मोअर आणि त्यामागे जोडून उभं राहायची सल्की, म्हणजे चाकांची छोटी फळी, आमच्याकडे आली. घरांमागच्या अंगणात दीर सल्की काढून चालतच कापतात. मी कोटेशन, हिशेब, फोन सांभाळते आणि गर्दीच्या दिवसांत ट्रिमर (कडेचं गवत कापायचं हातातलं यंत्र) घेऊन सोबत जाते.

आता १०,००० डॉलरपर्यंत नवं मशीन घ्यायचं आहे. डीलरने ५२ इंची स्टँड-ऑन (उभं राहून चालवायचा मोअर) दाखवला. दीरांना तोच हवा आहे, ‘निम्म्या वेळात काम होईल’ म्हणतात. माझं म्हणणं, चांगला हायड्रो (तेलाच्या दाबावर चालणारा) वॉक-बिहाइंड घ्यावा आणि उरलेले पैसे गाठीशी ठेवावेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण ते कबूल करत नाहीत. एचओएच्या जागेत एक तळं आहे, त्याच्या काठाच्या उताराची मला भीती वाटते. जुना मोअर विकावा का, हाही प्रश्न आहे. घरात रोज हाच विषय. काय करावं?

— एक वहिनी, कॅरी

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त एक आकडा नाही आणि निर्णय त्याच आकड्यावर ठरणार आहे. चाळीस घरांपैकी किती घरांच्या मागच्या अंगणाला कुंपण आहे? आणि त्या कुंपणाच्या फाटकाची आतली रुंदी किती?

डीलरच्या दुकानात मशीन बघताना हा प्रश्न कुणी काढत नाही. तिथे मोकळं पटांगण असतं, ५२ इंची मशीन त्यात सुरेख धावतं. कॅरीतल्या वसाहतींमध्ये मात्र पाव एकराचे प्लॉट, मागे लाकडी कुंपण, बाजूच्या बोळात एसीचं युनिट, आणि फाटक कुणी ३६ इंची केलेलं, कुणी ४२, कुणी ४८. त्यातही ‘३६ इंची फाटक’ म्हणजे ३६ इंच मोकळी जागा नव्हे. बिजागरी आणि कडी त्यातली जागा खातात, जुना खांब कललेला असतो, पावसाने लाकूड फुगतं. म्हणून या आठवड्यात ट्रिमर घेऊन जाल तेव्हा मोजपट्टीही न्या. प्रत्येक फाटक पूर्ण उघडून, गुडघ्याच्या उंचीवर, आतल्या बाजूने मोजा आणि वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहा. घराच्या बाजूचा बोळ एसीपाशी किती अरुंद होतो तेही मोजा. पुष्कळदा फाटक पुरेसं असतं आणि अडतं ते एसीपाशी.

मशीनचंही तेच. ३६ इंच हा डेकचा, म्हणजे खालच्या पात्यांच्या पेटीचा, कापण्याचा पट्टा आहे, मशीनची एकूण रुंदी नाही. गवत बाहेर फेकणारी बाजूची झडप उचलल्यावरची रुंदी आणि मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी, हे दोन्ही आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असतात. ते बघूनच मशीन निवडा. तुमची बरीच फाटकं ३६ इंचांच्या आसपास निघाली तर कदाचित ३२ इंची डेकच योग्य ठरेल. काही कंपन्या त्या मापातही स्टँड-ऑन बनवतात. ५२ इंची मशीन एकेरी फाटकातून आत जाणार नाही, त्याला दुहेरी फाटकच लागेल.

आता दीरांच्या ‘निम्म्या वेळा’चा हिशेब करू. या धंद्यात एक सोपं सूत्र आहे. डेकची रुंदी इंचांत, वेग ताशी मैलांत, दोन्हींचा गुणाकार करून ९९ ने भागा, म्हणजे तासाला किती एकर ते कळतं. हे झालं कागदावरचं. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरून त्याचे ८० टक्के घ्या.

तुमच्या पाव एकराच्या प्लॉटवर घर, ड्राइव्हवे आणि झाडांचे वाफे वगळून गवत साधारण ६,००० चौरस फूट धरू, म्हणजे आपले साडेपाच गुंठे. इतक्या लहान जागेत कुठलंही मशीन ताशी ५ मैलांच्या वर नेण्यात अर्थ नाही. त्या वेगाने ३६ इंची स्टँड-ऑन हे गवत पावणेसहा मिनिटांत कापेल आणि ५२ इंची चार मिनिटांत. फरक दोन मिनिटांपेक्षा कमी. त्याच घरी ट्रिमर, कडा कापणं आणि ब्लोअर यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, ती डेकच्या रुंदीने कमी होत नाहीत. आणि ५२ इंची मशीन फाटकाशी अडलं की ट्रेलरवरून दुसरं मशीन उतरवा, सुरू करा, मागे न्या, परत चढवा. वाचलेली दोन मिनिटं तिथेच गेली आणि वर आणखी दोन-तीन गेली.

एचओएच्या तीन एकरांत मात्र दीरांचं म्हणणं बरोबर आहे, ते त्यांना द्यायला हवं. तिथे ३६ इंची स्टँड-ऑन ताशी ६ मैलांनी पावणेदोन तास घेईल आणि ५२ इंची ताशी ७ मैलांनी तासाभरात उरकेल. आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची बचत खरी आहे. पण एका जागेवरच्या चाळीस मिनिटांसाठी चाळीस घरं अडवून धरायची का, असा हा प्रश्न आहे.

तुमच्या बाजूचाही हिशेब करते. ३६ इंची मोअरमागे एक एकर चालत कापायला किमान पावणेतीन मैल चालावं लागतं. तुमची चाळीस घरं मिळून साडेपाच एकर, शिवाय एचओएचे तीन. सगळं चालत कापलं तर आठवड्याला २३ मैलांच्या वर, म्हणजे सदतीस किलोमीटर. सहा-सात आठवड्यांत आळंदी ते पंढरपूर एवढं अंतर होतं. तेही जुलैच्या उन्हात, खड्ड्याखळग्यांतून, मशीन ओढत. हायड्रो वॉक-बिहाइंड घेतला तर हातांना आराम मिळेल, मशीन चांगलं वळेल, पण गुडघे तेवढेच चालतील. म्हणून माझं मत असं : स्टँड-ऑन घ्या, पण ३६ इंची घ्या. प्रकार दीरांचा, माप तुमचं.

दीर दुखणं कबूल करत नाहीत, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला ते पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं. उभं राहून चालवायच्या मशीनवर चाल वाचते, तरी गुडघ्यांना हादरे बसतात. म्हणून मशीन बघताना पायाखालच्या फळीला स्प्रिंग किंवा रबराचा आधार आहे का, मांड्या टेकायला मऊ गादी आहे का, हे बघा. गुडघे ताठ न ठेवता किंचित वाकवून उभं राहायची सवय करावी लागते. आणि त्यांना एकदा डॉक्टरकडे घेऊन जा. मशीनने जे होईल ते होईल, पण गुडघ्यात नेमकं काय चाललंय हे मशीन सांगणार नाही. स्टँड-ऑनचा आणखी एक गुण असा की पटकन उतरता येतं. तुमच्याकडे झाडांखाली पाइनची बोंडं, स्वीटगमची काटेरी फळं, कुणाच्या मुलाचा चेंडू असं काही ना काही पडलेलं असतं. बसून चालवायच्या झीरो-टर्न मोअरवरून माणूस कंटाळून उतरत नाही आणि पातं दगडावर जातं. उभा माणूस एका पावलात खाली येतो. क्रेप मर्टलच्या खालच्या फांद्यांखालून वाकून जाणंही सोपं पडतं.

आता तुमच्या भागाची एक खास गोष्ट, जी डेकच्या रुंदीइतकीच मोठी आहे. कॅरीत एकाच गल्लीत एका घरी टॉल फेस्क्यू जातीचं गवत असतं आणि शेजारी बर्म्युडा किंवा झॉयसिया. फेस्क्यू तीन-साडेतीन इंचांवर ठेवायचं, बर्म्युडा एक-दोन इंचांवर. फेस्क्यू बर्म्युडाच्या उंचीवर कापलंत तर जुलैत ते जळून जाईल आणि गिऱ्हाईक तुम्हाला दोष देईल, बरोबरच देईल. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा कापण्याची उंची बदलावी लागते. तुमचा जुना मोअर बहुधा फिक्स्ड डेकचा असेल, म्हणजे उंची बदलायची तर पुढच्या चाकांच्या चकत्या हलवा, मागचा आस हलवा, पाना घेऊन बसा. मग माणूस काय करतो? एकच मधली उंची ठरवतो आणि सगळीकडे तीच चालवतो. त्यात फेस्क्यूचंही नुकसान आणि बर्म्युडाचंही. नव्या मशीनमध्ये उंची उभ्या जागेवरून, एका खिळीने किंवा दांड्याने बदलता आली पाहिजे. डीलरला हे करून दाखवायला सांगा आणि मग दीरांना स्वतः करू द्या. ज्या मशीनवर हे काम दहा-पंधरा सेकंदांत होत नाही, ते या गल्ल्यांसाठी घेऊ नका.

बेल्ट आणि हायड्रोतला फरक थोडक्यात. बेल्टच्या मशीनमध्ये मुठीतली पकड आवळली की त्या बाजूचं चाक थांबतं आणि मशीन वळतं. गवत ओलं असलं की बेल्ट घसरतो, आणि मागे घेताना सगळा भार खांद्यांवर येतो. हायड्रोमध्ये प्रत्येक चाकाला तेलाच्या दाबावर चालणारी स्वतंत्र मोटर असते, त्यामुळे पुढे-मागे, हळू-जोरात हवं तसं जाता येतं. आजचे स्टँड-ऑन हायड्रोच असतात. त्यातही पंप आणि चाकाची मोटर वेगवेगळी आहे की दोन्ही एकाच पेटीत आहेत, हे विचारा. एका पेटीचं मशीन स्वस्त आणि हलकं पडतं, तुमच्या कामाला ते चालेल. पण तेल आणि फिल्टर बदलता येतो का, पहिला बदल किती तासांनी करायचा, हे विचारून वहीत लिहून ठेवा. ती पहिली वेळ बहुतेक लोक विसरतात.

सल्कीबद्दल दीरांना माहीत असेलच. अनेक जण तिला व्हेल्की म्हणतात, ते मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या राइट कंपनीच्या उत्पादनाचं नाव. त्याच कंपनीने पुढे ‘स्टँडर’ हे उभं राहून चालवायचं मशीन आणलं. सल्कीने पाय वाचतात, पण मागे घेताना ती दुमडते आणि अरुंद बोळात लांबी वाढवते. म्हणूनच दीर ती मागच्या अंगणात काढून ठेवतात.

आता तळ्याचा उतार. इथे मला तुमची भीती रास्त वाटते आणि ती कुणाच्या आग्रहाखातर सोडू नका.

बहुतेक स्टँड-ऑनच्या पुस्तिकेत १५ अंशांच्या वरच्या उतारावर मशीन नेऊ नका असं लिहिलेलं असतं. १५ अंश म्हणजे दहा फूट आडव्या अंतरात सुमारे पावणेतीन फूट चढ. डोळ्यांना हा उतार फारसा वाटत नाही, म्हणूनच फसगत होते. एक सरळ फळी उतारावर ठेवा, तिच्यावर फोन ठेवून उतार मोजायचं ॲप उघडा, आणि काठावर चार-पाच ठिकाणी मोजा. वसाहतींमध्ये पावसाचं पाणी साठवायला खोदलेल्या तळ्यांच्या कडा बऱ्याचदा याहून उभ्या असतात. ‘स्टँड-ऑनवरून मागे उडी मारता येते’ असं दीर म्हणतील. सपाट जागी ते खरं आहे. पण ओल्या उतारावर मागची चाकं घसरू लागली की ब्रेक नावाची गोष्ट उरत नाही, कारण हायड्रो मशीन चाकांच्या पकडीवरच थांबतं. कित्येक शे पौंडांचं मशीन पाण्याकडे निघालं की उडी मारायला वेळ मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

म्हणून नियम ठरवा आणि ट्रेलरच्या दारावर लिहून लावा. पाण्याच्या काठचा पट्टा मोअरने कापायचा नाही, ट्रिमरनेच घ्यायचा. १५ अंशांच्या वर स्टँड-ऑन न्यायचा नाही. त्याच्या आतला पण जरा तिरका भाग जुन्या वॉक-बिहाइंडने, सल्की काढून, उताराला आडवं चालत कापायचा, तोही त्या मशीनच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत. गवत ओलं असेल तर त्या दिवशी उतार राहू द्यायचा. तळ्यापाशी कुणीही एकट्याने काम करायचं नाही. आणि काठ ट्रिमरने कापायला जास्त वेळ लागतो, तो वेळ एचओएच्या कोटेशनमध्ये धरा. हे तुमच्याकडचं काम आहे. आधीच्या गृहस्थांनी तो काठ फुकटात कापला असेल, तर पुढच्या वर्षीच्या करारात ती ओळ वेगळी लिहा. एचओएने नकार दिला तर काठ करारातून वगळा. तीन एकर हातचे गेले तरी चालतील.

यातच जुन्या मोअरचं उत्तर आलं : विकू नका. त्याचे आता फार पैसे येणार नाहीत, पण उतारासाठी, पावसानंतरच्या मऊ जमिनीसाठी आणि नवं मशीन दुरुस्तीला गेलं की आधारासाठी तो लागेल. तुमच्याकडची लाल चिकणमाती एप्रिलमध्ये ओली असते आणि जड मशीनची चाकं तिच्यात चर पाडतात. ५२ इंची मशीनचं वजनही त्या महिन्यात तुमच्या विरोधात जातं. ३६ इंची नव्या मशीनवरही एका चाकावर गर्रकन वळू नका, गवत मुळासकट निघतं. थोडं मागे-पुढे घेत तीन टप्प्यांत वळा. दर आठवड्याला कापायची दिशा बदला.

इंजिनाबद्दल दुकानात खूप ऐकायला मिळेल. ३६ इंची डेकला १५ ते १९ हॉर्सपॉवर पुरते, त्यापुढच्या आकड्यांसाठी पैसे मोजू नका. पत्र्याकडे लक्ष द्या. जाड पत्रा कापून वेल्ड केलेला डेक घ्या, साच्यात दाबून काढलेला पातळ नको. स्पिंडलना (पाती फिरवणाऱ्या दांड्यांना) ग्रीस भरायची सोय बघा. पाती रोज संध्याकाळी बदलायची, म्हणून किमान तीन संच हवेत. बोथट पात्याने गवताची टोकं फाटतात, दोन दिवसांत पांढरी पडतात, आणि गिऱ्हाईक आधी तेच बघतं.

कंपनीचं म्हणाल तर राइट, स्कॅग, टोरो, एक्समार्क, ग्रेव्हली, फेरिस या सगळ्यांचे स्टँड-ऑन व्यावसायिक कामाला टिकणारे आहेत. त्यांच्यात मी क्रम लावणार नाही, कारण तुमच्यासाठी डीलर जास्त महत्त्वाचा. घरापासून अर्ध्या तासाच्या आत कोण आहे? त्याच्या फळीवर त्या मशीनचे बेल्ट, पाती, स्पिंडल आजच्या आज मिळतात का? मे महिन्यात मशीन बंद पडलं तर व्यावसायिक गिऱ्हाइकाला आधी घेतो की घरगुती मोअरच्या रांगेत उभं करतो? बदली मशीन देतो का? हे प्रश्न तुम्ही विचारा, दीर इंजिनाकडे बघत असतील.

पैशांचं सांगते. ३६ इंची नवा स्टँड-ऑन तुमच्या अंदाजपत्रकात बसावा, पण दहाच्या दहा हजार मशीनवर घालू नका. कर, पाती, कानांवर घालायचे मफ, ट्रेलरला बांधायची साखळी आणि चांगलं कुलूप यांसाठी वेगळे ठेवा. ट्रेलरवरून मशीन चोरीला जाणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे, सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. डीलर बिनव्याजी हप्ते देऊ करेल. घ्यायला हरकत नाही, पण डिसेंबर ते फेब्रुवारी गवत फारसं वाढत नाही आणि हप्ता मात्र येतो. ते तीन हप्ते ऑक्टोबरमध्येच बाजूला काढा. मशीनचा खर्च अमेरिकेच्या करकायद्यातल्या सेक्शन १७९ खाली त्याच वर्षी दाखवता येईल का, हे तुमच्या अकाउंटंटला विचारा.

फाटकं मोजल्यावर चित्र वेगळं निघालं, समजा चाळीसपैकी तीस घरांना कुंपणच नाही, तर माझं मत बदलेल. तेव्हा ४८ इंची स्टँड-ऑन घ्या आणि उरलेल्या दहा घरांचं मागचं अंगण जुन्या मोअरने करा. ५२ इंचीचा विचार एचओएसारखी आणखी दोन-तीन मोठी कामं हातात आल्यावर, दुसरं मशीन म्हणून.

मशीन घेण्याआधी डीलरला डेमो तुमच्याच गिऱ्हाइकांकडे द्यायला सांगा. चांगले डीलर देतात. पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. सर्वांत अरुंद फाटकाचं घर, सर्वांत ओलं मागचं अंगण, आणि एचओएची सपाट बाजू अशा तीन जागा ठरवा. ३६ आणि ५२ दोन्ही मागवा, म्हणजे वाद घरात न होता फाटकापाशी मिटेल. आणि तुम्हीही चालवून बघा. तुमचे हात दांड्यांपर्यंत नीट पोचतात का, मशीन ट्रेलरवर चढवताना तुम्हाला आवरतं का, हे तपासा. दीरांना गुडघ्यासाठी दोन आठवडे घरी बसावं लागलं तर ती चाळीस घरं तुम्हालाच कापायची आहेत.